पुस्तकं वाचून जाहिरात लिहायला येते काय? बेळगाव भागातनं सारखे येणारे प्रश्न

मी बेळगावातल्या शहापूरचा. दुकानदारांना हँडबिलं, पाकिटावरचा मजकूर, व्हॉट्सॲपचे मेसेज, कधी रीलमधलं बोलणं असलं सगळं लिहून देतो, बारा-तेरा वर्षं झाली. लोक विचारतात हे कुठं शिकलासा, मी पुस्तकांतनं म्हटलं की पुढचे दहा प्रश्न ठरलेलेच असतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलंय, आता कुणी विचारलं की हेच पाठवून देणार. क्रम काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

पुस्तकं वाचून हे खरंच येतं काय, की उगीच पैसे घालवायचे?

येतं. पण नुसती पुस्तकं वाचून काय होतं ते माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी एका दमात चार पुस्तकं वाचली, डोकं नुसतं भरून गेलं होतं, आणि तशात एका साडीच्या दुकानाचं हँडबिल लिहायला मिळालं. मी लिहिलं, "परंपरेचा स्पर्श, सौंदर्याचा उत्सव." लई भारी वाटलं मला. मालकांच्या मिसेस गल्ल्यावर बसलेल्या, त्यांनी वाचलं, कागद उलटा करून मागं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "हे कोण बोलायलंय वो?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. मग त्याच म्हणाल्या, दोन दिवस इथं बसा आणि ऐका. बसलो. पहिल्या दिवशी काही कळलं नाही, चहा तेवढा पाच वेळा झाला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सुती साडी हातात घेतलेली प्रत्येक बाई आधी काठ दोन बोटांत धरून ओढून बघते आणि एकच विचारते, "धुतल्यावर काठ आखडणार न्हाई न्हवं?" रंग नंतर, किंमत त्याच्याही नंतर. नवीन हँडबिलावर वरती एवढंच छापलं: धुतल्यावर काठ आखडला तर साडी परत आणा. खाली दुकानाचं नाव, पत्ता, वेळ. मालक घाबरले होते, म्हणाले सगळ्या परत येतील. थोड्या आल्याही, खोटं कशाला सांगू, पण नवीन बायका किती आल्या ते त्यांना विचारा.

आता गंमत अशी की हे सगळं मी वाचलेल्या चारही पुस्तकांत लिहिलेलं होतं. गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका, नेमकं सांगा, खात्री द्या. वाचताना मी माना डोलावल्या होत्या आणि पुढं गेलो होतो. गल्ल्यावर बसून आलो, तीच पानं परत उघडली, तेव्हा कळलं की हा माणूस काय सांगायलाय. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच की एक पुस्तक, मग एक दुकान, मग तेच पुस्तक परत. खाली जे काय लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबानं वाचा.

सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?

क्लॉड हॉपकिन्स ह्या जुन्या अमेरिकन जाहिरात लिहिणाऱ्याचं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग'. १९२३ सालचं आहे, लहानसं आहे, दोन-तीन बैठकीत संपतं. हॉपकिन्सचा जोर मोजण्यावर. जाहिरातीत कूपन छापायचं, लोक ते कापून पाठवायचे, कुठल्या जाहिरातीला किती कूपनं आली ती मोजायची, जी जास्त आणते ती ठेवायची, बाकीची टाकायची. मालकाला काय आवडलं ह्याला किंमत शून्य.

ह्याच माणसाचं आत्मचरित्र पण आहे, १९२७ चं, 'माय लाइफ इन ॲडव्हर्टायझिंग', बऱ्याच वेळा दोन्ही एकाच जिल्दीत मिळतात. त्यात श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीची गोष्ट आहे, ती वाचाच. त्या काळी सगळे बिअरवाले "शुद्ध, शुद्ध" म्हणून ओरडायचे. हॉपकिन्स कारखाना बघायला गेला. बघतो तर काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत बिअर थंड करायलेत, बाटल्या चार-चार वेळा धुवायलेत, पाणी चार हजार फूट खोल विहिरीचं. त्यानं विचारलं हे लोकांना सांगत का नाही? ते म्हणाले त्यात काय सांगायचं, सगळेच असं करतात. हॉपकिन्सनं तेच लिहिलं. कंपनी पाचव्या नंबरवर होती, काही महिन्यांत पहिल्याच्या बरोबरीला आली.

ही गोष्ट वाचून मी एका कुंदा (आपली दूध आटवून केलेली मिठाई) करणाऱ्यांच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो. पुढच्या बोर्डावर काय होतं? "शुद्ध, स्वादिष्ट, सुप्रसिद्ध." बेळगावात कुंदा विकणाऱ्या प्रत्येकाच्या बोर्डावर हेच असतं. मागं काय होतं? मोठी कढई, दूध आटायलंय, आणि एक मामा नुसते उलथनं घेऊन उभे. तासन्तास. हात थांबला की तळाला धरतं, तळाला धरलं की सगळी कढई गेली, म्हणून ते फोन पण उचलत नाहीत, बायकोचा आला तरी. मी विचारलं कधीपासनं उभे आहात, म्हणाले सकाळी साडेपाचला पेटवलंय. रंग घालता काय विचारलं तर माझ्याकडं असं बघितलं की मीच लाजलो. साखर भाजूनच तो तपकिरी रंग येतो म्हणाले. मी घरी जाऊन बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापायला हेच चार ओळींत लिहून दिलं, साडेपाचचं पेटवणं, न थांबणारा हात, न उचललेला फोन. बाकीचे कुंदेवाले पण असंच करतात की. पण सांगितलं ह्यांनीच ना.

एवढी शंभर वर्षांची जुनी पुस्तकं? आता तर सगळं इन्स्टावर चालतंय.

इन्स्टाची बटणं दर सहा महिन्यांनी बदलतात, ती पुस्तकातनं शिकायचीच नसतात, ती पोरांना विचारायची. जुन्या पुस्तकांत माणूस आहे आणि तो काय बदललेला नाही. कूपन कापून पाठवणारा आणि लिंकवर बोट ठेवणारा एकाच कुळातले.

जॉन केपल्सचं 'टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स' घ्या, १९३२ चं. हाच तो पियानोची जाहिरात लिहिणारा. मी पियानोला बसलो तेव्हा सगळे हसले, पण मी वाजवायला लागलो आणि... अशा अर्थाची ती ओळ. टपालानं संगीत शिकवणाऱ्या संस्थेसाठी लिहिलेली, तेव्हा हा पोरगा ह्या धंद्यात अगदी नवा होता. आज तुम्ही जी "लोकं हसली, मग बघा काय झालं" टाइप रील बघता ती सगळी ह्याचीच नातवंडं. केपल्सनं लिहिलंय की एका जाहिरातीनं दुसरीपेक्षा साडेएकोणीस पट माल विकलेला त्यानं स्वतः बघितलाय, माल तोच, जागा तेवढीच, फरक फक्त म्हणण्यात. एक सांगतो, ह्याच्या पाचव्या आवृत्तीवर दुसऱ्याचा हात फिरलाय, जुनी चौथी मिळाली तर ती घ्या.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत काय मिळतं?

खरं सांगायचं तर कॉपीरायटिंगवर, म्हणजे जाहिरातीच्या लिखाणावर, मराठीत मनासारखं पुस्तक मला मिळालेलं नाही. विक्रीवरची भाषांतरं दुकानात दिसतात, पण दोन पानं उभ्यानं वाचून बघा आणि मगच घ्या, काही काही भाषांतरात वाक्य संपेपर्यंत आपण संपतो.

हॉपकिन्सचं इंग्रजी सोपं आहे, छोटी वाक्यं. दहावीचं इंग्रजी असेल तर होतं. रोज एक प्रकरण, अडलं तर मोबाईलवर शब्द बघायचा, आणि वाचून झालं की पुस्तक मिटून त्यातलं काय कळलं ते आईला सांगतोय असं समजून वहीत पंधरा ओळी लिहायच्या. आपल्या बोलीत लिहायच्या, छापील मराठीत लिहू नका. ह्यात दोन कामं होतात, पुस्तक कळतं आणि लिहायचा हात बसतो. मला तर वाटतं माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या पोरांना हाच फायदा झाला, कारण इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उचलता येत नाही, आपलं करूनच घ्यावं लागतं.

पीडीएफ वाचली तर चालेल?

हॉपकिन्सची बिनधास्त वाचा. आपल्या कायद्यानं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, हा माणूस १९३२ लाच गेला. गॅरी हॅल्बर्ट ह्या जाहिरात लिहिणाऱ्याची 'बोरॉन लेटर्स' नावाची पत्रं पण त्याच्याच साइटवर फुकट वाचायला ठेवलेली आहेत. बाकीची विकत घ्या, वाचनालयात मागा, नाहीतर चौघांनी मिळून एक घ्या. पुस्तक लिहून पोट भरणाऱ्याचं पुस्तक चोरून आपण लिहून पोट भरायला शिकायचं हे मला बरं वाटत नाही.

आमच्याकडं मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये? हे कुठल्या पुस्तकात असतं?

कुठल्याच नाही. आणि हा प्रश्न पुण्या-मुंबईचा कुणी विचारत नाही, फक्त आपल्याकडंच येतो.

आधी नियमाचं बोलू. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, २०२४ ला कायद्यात दुरुस्ती झालीय. ते करून टाकायचं, त्यावर माझ्याशी वाद घालू नका, मी हँडबिलवाला. पाटी झाली की आतलं सगळं, बॉक्स, मेसेज, स्टेटस, हे गिऱ्हाईक बघून ठरवायचं. खानापूर, निपाणीकडचं गिऱ्हाईक असेल तर मराठी. बैलहोंगल, गोकाककडचं असेल तर कन्नड. शनिवार-रविवार चोर्ला घाटातनं गोव्याची गाडी भरून येते, त्यांना देवनागरी वाचता येते, मराठीनं काम भागतं. शहरात दोन्ही.

आता माझी फजिती. एका बचत गटाच्या ताईंसाठी मी घरगुती चटणीचं हँडबिल केलं. आपल्याकडं चटणी म्हणजे लाल मिरचीची पूड, मसाला घालून डंकावर कुटलेली, वर्षभराची. मराठी बाजू झकास झाली. कन्नड बाजू मी मोबाईलवर भाषांतर करून टाकली, वाटलं सोपंय, चटणी तर दोन्हीकडं चटणीच. दोन हजार छापली. फोन यायला लागले, इडलीबरोबर चालते काय, किती दिवस टिकते, फ्रिजमध्ये ठेवायची काय. कन्नडमध्ये चटणी म्हटलं की वाटीतली ओली चटणी, नाहीतर मग शेंगाचटणी. मिरचीपूडला खारद पुडी म्हणायचं हे माझ्या शेजारच्या आजींना माहीत होतं, भिंतीपलीकडं राहतात, विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. दोन हजार कागदांचे पैसे मी भरले, ताईंकडनं कसे घेणार? उरलेल्या हँडबिलांच्या पाठीवर अजून किराण्याची यादी लिहायलोय आम्ही.

तेव्हापासनं नियम केलाय, कन्नड मजकूर कन्नड घरात बोलणाऱ्या माणसाकडनं नव्यानं लिहून घ्यायचा, त्याला माझं मराठी दाखवायचंच नाही, फक्त सांगायचं की काय विकायचंय आणि कुणाला. आणि मराठीचं पण तेच. पुण्याच्या लोकांनी लिहिलेलं "तिखट" आमच्या निपाणीच्या मावशीला कळतं, पण ती म्हणणार चटणीच.

श्वार्ट्झचं 'ब्रेकथ्रू ॲडव्हर्टायझिंग' लई महाग आहे, घेऊ काय?

पहिल्या वर्षी नको. श्वार्ट्झ पण जाहिराती लिहिणाराच, १९६६ चं पुस्तक आहे, जड आहे, दोन-तीन पुस्तकं आणि चार-पाच हँडबिलं झाल्यावर उघडा. पण त्यातली एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. श्वार्ट्झ म्हणतो लोकांच्या मनात इच्छा तुम्ही पैदा करू शकत नाही, ती आधीच असते, तुम्ही ती फक्त तुमच्या मालाकडं वळवायची. आणि गिऱ्हाईक किती जाणतं ह्याच्या त्यानं पाच पायऱ्या केल्यात.

चटणीवरच सांगतो, मेलेल्या हँडबिलाचं तेवढंच सार्थक. पहिली बाई, तिला काही अडचणच वाटत नाही. एप्रिल-मे आला की संकेश्वरी, ब्याडगी मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची, डंकावर नंबर लावायचा, चाललंय. दुसरी, तिची नोकरी लागलीय, रविवार एकच, मिरचीच्या ठसक्यानं घर खोकायलंय, तिला वैताग कळतो पण दुसरा मार्ग सुचत नाही. तिसरीला माहितंय की बाया घरी करून विकतात, पण तिला भ्या वाटतंय रंग घालतात म्हणून. चौथीनं तुमची चटणी जाऊबाईकडं खाल्लीय, आवडलीय, पण अजून घेतली नाही. पाचवी दरवर्षी तुमच्याकडनंच तीन किलो नेते.

आता बघा, पाचवीला काय पाठवायचं? "नवीन चटणी शनिवारी तयार, किलोचा दर इतका, किती ठेवू?" संपलं. तिला देठं-मिरची-गच्चीचं पुराण ऐकवलंत तर ती वैतागणार. आणि दुसरीला नुसता दर पाठवलात तर तिला काही लागणार नाही, तिच्याशी रविवारचं बोलायचं. तिसरीला डंकाचा व्हिडिओ दाखवायचा, मिरची पोत्यातनं निघाल्यापासनं पाकिटात पडेपर्यंत, मध्ये कट न करता. आपण काय करतो? पाचही जणींना एकच मेसेज ढकलतो आणि म्हणतो मार्केट डाउन आहे.

श्वार्ट्झबद्दल एक उगीच आठवलं. तो टायमर लावून बसायचा, ३३ मिनिटं ३३ सेकंद, तेवढ्या वेळात खुर्चीतनं उठायचं नाही, लिहायचं तर लिही नाहीतर नुसतं कागदाकडं बघत बस. मी कुकरच्या शिट्ट्यांवर करून बघितलं, जमलं नाही, डाळ शिजते तोवर दोन ओळी होतात.

हे सगळं दुकानदारांचं झालं. आमची उद्यमबागला फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) आहे, आम्हाला काय उपयोग?

तुम्हालाच जास्त. 'मेड टु स्टिक' नावाचं पुस्तक आहे, चिप आणि डॅन हीथ ह्या भावांचं, २००७ चं. त्यात एका प्रयोगाचं वर्णन आहे, १९९० ला स्टॅनफर्डमध्ये झालेला. एकानं मनातल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. १२० गाण्यांतली ३ ओळखली. घरी करून बघा, "सुखकर्ता दुखहर्ता" वाजवा, तुमच्या मनात अख्खी आरती झांजांसकट चाललेली असते आणि समोरच्याला नुसती टकटक.

फाउंड्रीवाल्यांची पत्रकं वाचली की मला ती टकटक ऐकू येते. ग्रेड, टॉलरन्स, मशीनची यादी, शेडचा फोटो. घेणाऱ्या कंपनीतल्या माणसाची रात्रीची झोप कशानं उडते ते कुठंच नसतं. मी एका शेठना विचारलं, तुमचं गिऱ्हाईक फोनवर पहिल्यांदा काय विचारतं? म्हणाले, "लॉट कधी देतासा आणि रिजेक्शन निघालं तर कोण भरणार." मग हेच वर टाका की, मशीनची यादी मागच्या पानावर राहू दे.

ह्याच जोडीला ओगिल्व्ही वाचा, 'ओगिल्व्ही ऑन ॲडव्हर्टायझिंग', १९८३, चित्रं भरपूर आहेत. हा माणूस जाहिरातीत यायच्या आधी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकायचा, आणि कशा विकायच्या ह्यावर कंपनीसाठी १९३५ ला पुस्तिका लिहिली. रोल्स-रॉइसची त्याची ती प्रसिद्ध ओळ, साठ मैलांच्या वेगात गाडीत सगळ्यात मोठा आवाज इलेक्ट्रिक घड्याळाचा येतो, ती त्याला सुचलेली नाही, तीन आठवडे गाडीबद्दल वाचत बसला तेव्हा सापडली. इंजिनिअर लोकांना हा पटतो, बढाई कमी आणि माहिती जास्त. जरा मोठेपणा मिरवतो, पण चालतंय, हॉपकिन्सचं पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीला हात लावू देऊ नका म्हणणारा हाच.

चाल्डिनीचं 'इन्फ्लुअन्स' म्हणजे लोकांना गंडवायचं शास्त्रच न्हवं काय?

उलट त्यानं ते गंडणाऱ्यांसाठी लिहिलंय. १९८४ चं. प्राध्यापक माणूस, विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये नाव लपवून जाऊन बसला आणि बघितलं की आपण हो कसं म्हणतो. सहा गोष्टी काढल्या, नंतर सातवी घातली. फुकट दिलं की परतफेड करावीशी वाटणं ही त्यातली एक, सराफाच्या दुकानात बसल्या बसल्या कोल्ड्रिंक येतं ते कशाला असं वाटलं तुम्हाला?

वापरा, पण खरं असेल तेवढंच. "शेवटचे दोन पीस" म्हणालात तर मागं दोनच पीस असू देत. आमच्या रस्त्यावर एका दुकानाचा "सेलचा शेवटचा दिवस" असा फ्लेक्स तीन महिने टांगलेला होता, उन्हानं लाल अक्षरं गुलाबी झाली, शेवटी पोरं त्या दुकानाला "शेवटचा दिवस"च म्हणायला लागली.

आणि कायदा आहे हे विसरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर ५० लाख. काढे, चूर्ण विकणाऱ्यांनी तर अजून सांभाळून, "शुगर बरी करतो" असं छापायचंच नाही, त्यावर १९५४ पासनं वेगळा कायदा आहे. मला असलं लिहून द्या म्हणून येतात, मी नाही म्हणतो, मग ते दुसरीकडनं लिहून घेतात. काय करणार.

जाहिराती हातानं उतरवून काढा म्हणतात, खरंच करायचं?

करा. हॅल्बर्टचा सल्ला आहे तो, तुरुंगातनं मुलाला लिहिलेल्या त्याच पत्रांत, १९८४ मध्ये. चांगली जाहिरात वहीत पेनानं उतरवायची. हात दुखतो आणि वाक्य कुठं वळलं ते कळतं. मराठीत उतरवायला मोठ्या जाहिराती कमी मिळतात, मग मी पेपरमधल्या छोट्या जाहिराती उतरवायचो, शब्दाला पैसे पडतात त्यामुळं लोक फालतू शब्द घालतच नाहीत. "दोन खोल्या, नळ चोवीस तास, शाकाहारी, बस स्टॉपजवळ." नळ दुसऱ्या नंबरला का आलाय? ज्यानं उन्हाळ्यात भाड्याची खोली शोधलीय त्याला विचारा.

ऐडा फॉर्म्युला पाठ करू काय?

जाहिरातीनं गिऱ्हाईकाला न्यायच्या चार पायऱ्या: लक्ष, रस, इच्छा, कृती. झाला पाठ.

आता एआय सगळं लिहून देतंय, मग वाचायचं कशाला?

मी पण वापरतो, शुद्धलेखनाला आणि दहा हेडिंगं फटाफट बघायला. पण त्याला साडीच्या दुकानाचं सांगितलं की ते काय देतं माहितंय? "परंपरेचा स्पर्श, सौंदर्याचा उत्सव." माझीच पहिल्या वर्षाची ओळ, जरा बरी करून. काठ आखडतो हे तुम्ही ऐकून येऊन त्याला सांगितलंत तर ते नीट लिहील, पण काय ऐकायचं आणि ऐकलेल्यातलं काय उचलायचं हे कळायला ती पुस्तकं लागतात.

व्हॉट्सॲपवर लोक मेसेज वाचतच नाहीत.

"नमस्कार, सुप्रभात, आपणास कळविण्यास आनंद होतो की" इथंच अंगठा पुढं गेलेला असतो. शुगरमन नावाच्या लेखकानं म्हटलंय की पहिल्या वाक्याचं काम एकच, दुसरं वाचायला लावणं, आणि दुसऱ्याचं काम तिसरं. घसरगुंडीसारखं. पहिलं वाक्य कापून दुसऱ्यापासनं सुरू करून बघा, दहातल्या आठ मेसेजला पहिलं लागतच नाही. दुसरं, ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. त्यामुळं बिल देताना "नंबर सेव्ह करा, चटणी तयार झाली की कळवतो" असं तोंडानं सांगणारा माणूस गल्ल्यावर पाहिजे.

ह्यात पैसे किती मिळतात?

पहिल्या कामाचे मला एक किलो कुंदा आणि पुढच्या वेळी बघू असं मिळालं. कुंदा चांगला होता. दर ठरवायचा तर एक सांगतो, शब्द मोजून पैसे मागू नका, काठाची ती ओळ आठ शब्दांची सुद्धा नाही.

तुमच्याकडची पुस्तकं वाचायला द्याल काय?

देतो, आधी पण देत होतो. अट एकच, येताना कुठल्यातरी दुकानात अर्धा दिवस बसून गिऱ्हाईक जे बोललं ते एक पान लिहून आणायचं, जसं बोललं तसं, शुद्ध न करता. हॉपकिन्स आहे, ओगिल्व्ही आहे, चाल्डिनीचं कव्हर फाटलंय पण पानं सगळी आहेत. केपल्स सध्या नाही. तो खानापूरला एका विटांच्या भट्टीवाल्यांकडं गेलाय, दोन वर्षं झाली, फोन केला की म्हणतात शेवटचं प्रकरण चाललंय.